सगळ्या चिमण्या आल्या?

छापलेला ताव हातात दिला की ते गृहस्थ तो वाचत नसत. खिडकीपाशी जात, ताव उजेडाला तिरका धरत, एक डोळा मिटत आणि दुसरा कागदाच्या पातळीपर्यंत खाली आणत. नेम धरणारा माणूस बंदुकीच्या नळीवरून पाहतो, तसे. नजर ओळीओळीवरून सरकत जाई. मग सरळ उभे राहून म्हणत, "हमू लेरन." म्हणजे, सगळ्या इथे आहेत.

हजेरी घेणाऱ्या मास्तरांचा स्वर तुम्ही ऐकला असेल. हा तोच होता. इराकच्या उत्तरेकडच्या डोंगरांत ते एके काळी खरोखरच मास्तर होते. माझी त्यांची ओळख झाली तेव्हा, नव्वदच्या दशकात, ते शारजात टायरच्या एका व्यापाऱ्याकडे कारकुनी करीत. मी त्याच औद्योगिक भागातल्या एका छापखान्याचे काम पाहत असे. औषधांची पत्रके, हॉटेलांची मेनूकार्डे, शाळांच्या डायऱ्या, रमजानची वेळापत्रके. कुठल्याही मजकुराविषयी मला कधी काही वाटल्याचे स्मरत नाही. छपाईत तसे वाटू नये, असेच माझे मत होते.

ते कुर्द होते. कुर्दांचा मुलूख चार देशांत वाटला गेला आहे आणि त्यांच्या भाषेला त्या देशांत फार काळ बरे दिवस नव्हते, एवढे मला त्यांच्यामुळे कळले. आमचे बोलणे इंग्रजी, गल्फमधली हिंदी आणि हातवारे यांत चाले. इथे ते मी मराठीत देतो आहे. पहिल्याच भेटीत त्यांनी मला "काका" म्हटले. वयाने ते माझ्याहून मोठे दिसत होते, म्हणून मी जरा ताठच झालो. नंतर समजले की त्यांच्याकडे भावाला काका म्हणतात.

त्यांना मुलांसाठी पहिले वाचनाचे पुस्तक छापून हवे होते. कुर्दी भाषेत.

अडचण अशी होती. ती कुर्दी दिसायला अरबीसारखी. परंतु अरबीत नाहीत असे काही आवाज तिच्यात आहेत आणि ते दाखवण्यासाठी अक्षराच्या डोक्यावर किंवा पायाशी एक बारीक खूण करतात. लहान मुले चित्रातल्या आकाशात उडते पाखरू काढतात, तशी. आमच्या टाइपसेटिंगच्या यंत्रात अरबी होती, फारसी होती. ही खूण नव्हती. मी त्यांना तसे स्पष्ट सांगितले.

"यंत्राला जेवढं देता येईल तेवढं देऊ दे," ते म्हणाले. "उरलेलं मी देतो."

यंत्रातून मजकुराची पारदर्शक फिल्म निघे. त्या फिल्मवरून पुढे प्लेट तयार होते आणि प्लेटवरून छपाई. ते कचेरी सुटल्यावर येत, खालून दिवा असलेल्या काचेच्या टेबलावर फिल्म पसरत आणि बारीक निबेच्या पेनाने एकेक खूण हाताने काढत. इतर कामांतून आमच्याकडे एखादे पान जुळून निघे तसे, तो सबंध उन्हाळा त्यांनी असा काढला. बाहेरून आलेला माणूस घामाने निथळत असे. ते हात धुऊन, बाहीने कपाळ कोरडे करून, मगच टेबलाशी बसत. घामाचा थेंब फिल्मवर पडला तर, म्हणत, चिमण्या भिजतील. त्या खुणांना ते 'चोलका' म्हणत. चोलका म्हणजे चिमणी. मला उपमांची आवड नाही. ही त्यांची आहे.

घाई केलेली त्यांना खपत नसे. मी घड्याळाकडे पाहिले की न वळता म्हणत, "हेवाश, काका, हेवाश." सावकाश. आखातात जिथे तिथे घाईचे "यल्ला, यल्ला" ऐकण्याची सवय झालेल्या कानाला हा शब्द विचित्र वाटे.

छापण्यापूर्वी सरकारी परवानगी लागे. मी त्यांच्याबरोबर गेलो. खिडकीपलीकडचा अधिकारी मिसरी, म्हणजे इजिप्तचा होता, गोल चेहऱ्याचा, चांगला माणूस. त्याने पाने चाळली. दोन ओळी मोठ्याने वाचल्या आणि हसला. "गंमत आहे. सगळं वाचता येतंय आणि कळत एक शब्द नाही."

"साहेब," मास्तर अत्यंत अदबीने म्हणाले, "माझी सगळी शाळा अशीच गेली."

अधिकाऱ्याचे हसू थांबले. त्याने पुन्हा दोन ओळी वाचल्या, या वेळी मनात. काही दिवसांनी परवानगी आली.

पुस्तकाची निकड काय होती, हे त्यांनी एकदाच सांगितले, तेही मी विचारले म्हणून. डोंगरात शाळा पुन्हा सुरू झाल्या होत्या. काही तंबूंत, काही छप्पर नसलेल्या घरांत. त्यांच्या धाकट्या भावाच्या शाळेत एकच जुने पुस्तक होते. त्याने ते उसवून पाने सुटी केली होती आणि मुलांना एकेक पान वाटले होते. मूल ते पान घरी नेई, पाठ करी आणि दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याशी बदलून घेई. एका मुलाने शेवटचे पान शेळीला खाऊ दिले, त्या वर्षी गोष्टीचा शेवट कुणालाच कळला नाही. हे सांगताना ते हसले. मी हसलो नाही.

पुस्तके जायची होती टायरबरोबर. व्यापाऱ्याचा माल शारजाच्या खाडीतून लाकडी गलबताने पलीकडे इराणात जाई आणि तिथून ट्रकने डोंगर चढे. टायर आतून पोकळ असतो. त्या पोकळीत पुस्तकांचा एकेक गठ्ठा बसेल, असे त्यांनी मोजमाप घेऊन ठरवले होते. मालकाचीही हरकत नव्हती. मात्र बर्फ पडले की खिंड बंद होते. त्या मोसमातले शेवटचे गलबत चुकले असते, तर पुस्तके वसंतापर्यंत गोदामात राहिली असती आणि पोरे त्या वर्षीही सुट्या पानांवर.

आता इब्राहिमभाईंविषयी सांगितले पाहिजे. ते रत्नागिरीकडचे, आमचे रिटचर. फिल्मवर धूळ, केस, रसायनाचा ठिपका राहिला तर पात्याच्या टोकाने तो खरवडून काढणे हे त्यांचे काम. एवढ्या हलक्या हाताचा माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्यांच्या टेबलावरून गेलेल्या फिल्मवर डाग राहिला, असे कधी झाले नाही. मास्तरांचे काम चालू होते तेव्हा ते रजेवर गावी होते. परतले त्या दिवशी पुस्तकाच्या फिल्म प्लेटसाठी जायच्या होत्या, आणि शिरस्त्याप्रमाणे त्या आधी त्यांच्या टेबलावर गेल्या.

दोन दिवसांनी, गुरुवारी दुपारी, मशीनवरून चाचणीचा पहिला ताव निघाला. मास्तर खिडकीशी गेले. ताव तिरका धरला, डोळा खाली आणला. फार वेळ ते तसेच राहिले. मग ताव फिरवून दुसऱ्या बाजूने पाहिला.

"काका," ते म्हणाले, "एकही नाही."

मी ताव घेतला. अक्षरे होती, काळी, स्वच्छ. वर आकाश मोकळे होते.

इब्राहिमभाई तिथेच उभे होते. शाबासकीच्या अपेक्षेने म्हणाले, "साहेब, फिल्म लय घाण आलेली. पानापानावर कचरा. बसून सगळा साफ केला."

ही चूक दुसऱ्या कुणाच्या हातून झाली नसती, हे लक्षात घ्या. मला अरबी वाचता येत नाही. मी असतो तर त्या खुणांना हात लावायला भ्यालो असतो. इब्राहिमभाई लहानपणापासून कुराण वाचत आले होते. अरबी अक्षरावर काय असते आणि काय नसते, हे त्यांना पक्के ठाऊक होते. पाखराच्या आकाराचे असे काही तिथे नसते. म्हणून तो कचरा.

मी त्यांना काय झाले ते सांगितले. त्यांचा चेहरा उतरला. घरातले कुणी गेल्यावर माणूस बसतो, तसे ते खाली बसले.

मास्तर आता आवाज चढवतील, याची मी वाट पाहत होतो. मी चढवला असता. सगळा उन्हाळा गेला होता आणि गलबत पुढच्या आठवड्यात सुटणार होते. त्यांनी फिल्म मागवल्या. एक उचलून दिव्यावर धरली आणि ज्या जागा खरवडल्या होत्या त्या भिंगातून पाहिल्या.

"अक्षराला कुठेही धक्का नाही," ते म्हणाले. "काय हात आहे!"

हे त्यांनी उपरोधाने म्हटले असते, तर मी समजू शकलो असतो. ते मनापासून म्हणाले होते. इतक्या वर्षांनंतरही त्या वाक्यापाशी मी अडतो.

मग त्यांनी इब्राहिमभाईंच्या खांद्यावर हात ठेवला. "उद्या सुट्टी आहे. याल?"

"येतो. पण मी काय करू? पाणी भरू?"

"चिमण्या काढायच्या."

"या हातानं खरवडल्या, मास्तर. आता याच हातानं काढू?"

"याच हातानं. दुसरा कुठून आणू?"

शुक्रवारी सकाळी मी छापखाना उघडला. किल्ली माझ्याकडे असे, म्हणून मलाही थांबणे भाग होते. मी तसे घरी सांगितले होते. मशीन बंद होती. रस्त्यावर ट्रक नव्हते. छापखान्यात इतकी शांतता मी त्यापूर्वी अनुभवली नव्हती.

दोघे काचेच्या टेबलाशी शेजारी शेजारी बसले. मास्तरांनी ठरवलेली रीत अशी. ते मोठ्याने वाचीत जात. खूण जिथे हवी तिथे बोट टेकवीत, आणि इब्राहिमभाई पेनाने ती काढीत. मूळ प्रत त्यांनी उघडलीच नाही. जीभ जिथे वळे तिथे बोट टेके. मास्तरांच्या जुन्या खुणा काटकुळ्या, सरळ होत्या. इब्राहिमभाईंच्या जराशा जाड, आणि उजवीकडे कललेल्या.

"एवढी वाकडी चालेल ना?" त्यांनी एकदा विचारले.

"वारा आहे," मास्तर म्हणाले. "पुढे."

वर्षानुवर्षे मी भाषा छापल्या होत्या. किलोने कागद, किलोने शाई. छापत असलेले पुस्तक कुणी मोठ्याने वाचून दाखवलेले मी त्या दिवशी प्रथम ऐकले. अर्थ कळत नव्हता. भाकरीचा धडा आला, बर्फाचा आला, डोंगरी तित्तिराचा आला. तित्तिराचा आवाज मास्तरांनी असा हुबेहूब काढला की इब्राहिमभाई मागे वळून पाहू लागले. जुम्म्याच्या नमाजाला दोघे मिळून गेले आणि मिळून परतले. जेवणाचा डबा माझ्या पत्नीने दिला होता. मास्तरांनी घडीची पोळी उजेडाला धरून तिचे पदर पाहिले आणि हेही छापखान्याचेच काम आहे, असा अभिप्राय दिला.

दुपार उलटल्यावर एक पान आले. त्यावर चित्र नव्हते. नुसती नावे होती, एकाखाली एक. ते पान येताच मास्तर खुर्चीवरून उठले आणि उभे राहून वाचू लागले. बोट टेकवायला त्यांना वाकावे लागे. वाकत, आणि पुन्हा सरळ होत. इब्राहिमभाईंनी माझ्याकडे पाहिले. मग तेही उठले आणि उभ्यानेच खुणा काढू लागले. मीही बसून राहिलो नाही.

पान संपल्यावर मी विचारले, "काय आहे हे?"

"गावं. आमच्या खोऱ्यातली. पाडून टाकली. आता नकाशावर नाहीत." त्यांनी फिल्म बाजूला ठेवली. "पोरांना निदान लिहिता यावीत."

सूर्यास्ताच्या, मगरिबच्या नमाजाआधी काम पुरे झाले.

शनिवारी प्लेट झाल्या. मशीनमधून पहिला ताव निघाला, मास्तर खिडकीशी गेले. आम्ही सगळे काम थांबवून उभे होतो. मला आठवते की मशीनवाल्यानेही हात पुसायचे थांबवले होते.

"हमू लेरन."

इब्राहिमभाई बाहेर निघून गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत.

गलबतावर माल चढताना मी खाडीवर गेलो होतो. तसे कारण नव्हते. टायरच्या पोटात एकेक गठ्ठा, वर गोणपाट. मास्तर प्रत्येक टायरवर थाप मारत होते, गोठ्यातल्या जनावराला मारावी तशी. वसंतात ट्रकवाल्याच्या तोंडी निरोप आला: बर्फाच्या आधी पोचली. रबराचा वास येतो म्हणून मुले पुस्तक आधी नाकाला लावतात, मग वाचतात. हा निरोप मास्तरांनी मला पुढे अनेकदा सांगितला आणि दर वेळी पहिल्यांदाच सांगत असल्यासारखा.

ते एकदा आमच्या घरी जेवायला आले. मी मुलीला मराठीत काही विचारले, तिने इंग्रजीत उत्तर दिले. आखातातल्या आपल्या घरांत हे काही नवे नाही. मास्तरांच्या ते लक्षात आले.

"तुमची भाषा ती वाचते?"

"समजते तिला. वाचत नाही. शाळेत हिंदी आहे, अरबी आहे."

त्यांनी थोडा विचार केला. "तुमच्या भाषेवर बंदी आहे का?"

"नाही."

"अच्छा," ते म्हणाले आणि वरणभात कालवू लागले. टोमणा मारण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. त्यांनी खरोखरच विचारले होते. पुढच्या सुट्टीत मी पुण्याहून पहिलीचे मराठीचे पुस्तक आणले. त्याविषयी अधिक सांगण्यासारखे नाही.

काळ बदलत होता. युरोपातून उपग्रहावरून कुर्दी दूरदर्शन दिसू लागले. मास्तरांनी इमारतीच्या गच्चीवर डिश बसवून घेतली आणि मला व इब्राहिमभाईंना बोलावले. मला वाटले, राजकीय बातम्या दाखवतील, गाणी ऐकवतील. ती लागली तेव्हा ते स्वयंपाकघरात चहा करीत राहिले. हवामानाचा नकाशा आला तसे धावत आले. कोट घातलेला एक तरुण उद्या कुठे पाऊस पडेल ते सांगत होता.

"ऐका," ते उभ्यानेच म्हणाले. "आमच्या भाषेत रडलेलं मी पुष्कळ ऐकलंय. गायलेलं ऐकलंय. उद्याचं कुणी सांगितलं नव्हतं."

पुढे त्यांच्या एका देशबांधवाने फ्लॉपी पाठवली. तिच्यात पूर्ण कुर्दी अक्षरे होती, खुणांसकट. एव्हाना आमच्याकडे संगणक आले होते. पहिली कळ त्यांनी स्वतः दाबली नाही. इब्राहिमभाईंना दाबायला लावली. पडद्यावर अक्षर उमटले, डोक्यावर चिमणी घेऊनच.

"एवढं सोपं?" इब्राहिमभाई म्हणाले. "मग त्या शुक्रवारी आपण काय केलं?"

"अंडी घातली," मास्तर म्हणाले. "आता उडतायत."

मग ते माझ्याकडे वळले. "काका, खलास. मी बेकार झालो." इतका आनंदाने बेकार झालेला माणूस मी पाहिलेला नाही.

इराकातले सरकार पडले त्या वर्षी ते परत गेले. सामान थोडेच होते. निरोप घ्यायला छापखान्यात आले तेव्हा मशीन चालू होती, बोललेले फारसे ऐकू आले नाही. मी म्हटले, "पुन्हा भेटू." ते म्हणाले, "इन्शाल्ला." तो बारीक निबेचा पेन त्यांनी इब्राहिमभाईंच्या टेबलावर ठेवला. जाता जाता, मशीनमधून निघालेला एक ताव सवयीने उचलून त्यांनी खिडकीशी तिरका धरला. तो बिस्किटांच्या पुड्याचा होता.

काही वर्षांनी टायरच्या व्यापाऱ्याचा माणूस एक पुस्तक घेऊन आला. मास्तरांनी माझ्यासाठी बाजूला काढून ठेवले होते, असे म्हणाला. मास्तर गेल्या हिवाळ्यात वारले, हेही त्याने सांगितले. मी त्याला चहा दिला. तो गेल्यावर काही वेळ मी बिले तपासत बसलो.

पुस्तक तेच होते, नवी आवृत्ती. त्यांच्याच शहरात छापलेली. कागद बरा, बांधणी चांगली, रंग जरा भडक. अक्षरे संगणकावरची, प्रत्येक चिमणी एकसारखी. मी पाने उलटत गेलो. गावांच्या नावांचे पान आले आणि थांबलो. ते पान नव्याने जुळवलेले नव्हते. जुन्या पुस्तकातल्या पानाचा फोटो घेऊन जसेच्या तसे छापले होते. त्यावरच्या खुणा जराशा जाड होत्या आणि उजवीकडे कललेल्या.

मी इब्राहिमभाईंना बोलावले. खरवडायला फिल्म आता उरली नव्हती. ते आता बांधणीचे काम पाहत. मास्तर गेल्याचे सांगून मी पुस्तक त्यांच्या हातात दिले. ते पुस्तक घेऊन खिडकीशी गेले, पान तिरके धरले, एक डोळा मिटला आणि दुसरा कागदाच्या पातळीपर्यंत खाली आणला. फार सावकाश पाहिले त्यांनी.

पानाच्या कोपऱ्यात, नावांपासून दूर, एक ठिपका होता. फोटो घेताना कुठून तरी आलेला. धूळच ती, मलाही दिसत होती. इब्राहिमभाईंच्या अंगठ्याचे नख त्याच्यापर्यंत गेले. जन्माची सवय. मग त्यांनी हात मागे घेतला.

"राहू दे, साहेब," ते म्हणाले. "कुणाची तरी असेल."